सुभद्रा बाई झाली तेव्हा

जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊस्करांनी काढलेली दोन भव्य तैलचित्रं आहेत. एकात नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, पुरुषवेषात आहेत, दुसऱ्यात स्त्रीवेषात. २६ जून १९६८ रोजी रंगमंदिर खुलं झालं, तेव्हा नारायणरावांना जाऊन वर्षही उलटलं नव्हतं. तेव्हापासून पुण्यात वाढलेल्या प्रत्येक नाटकवेड्या मुलीने ते दुसरं चित्र कधी ना कधी डोळे भरून पाहिलेलं असतं. मीही पाहत आले.

मराठी नाटकातली सर्वांत देखणी, सर्वांत गोड गळ्याची बाई पुरुष होती. आपल्याला यात नवल वाटेनासं झालं आहे. त्या नवलाविषयी भरभरून लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण पुढे ‘सौभद्रा’तल्या त्याच सुभद्रेच्या, ‘स्वयंवरा’तल्या रुक्मिणीच्या, ‘एकच प्याल्या’तल्या सिंधूच्या जागी खरोखरीच्या बायका उभ्या राहिल्या. बाईने कसं चालावं, कसं रुसावं, पदर कसा सावरावा, हे सगळं आधीच एका पुरुषाने ठरवून ठेवलेलं आणि समोरच्या प्रेक्षकाला ते तोंडपाठ. अशा रंगमंचावर पाऊल टाकणाऱ्या बाईला काय करावं लागलं असेल? हा प्रश्न मला कित्येक वर्षं सोडत नाही. त्याचं जे काही उत्तर मला सापडलं, ते संगीत नाटकातल्या गायिका-नटी जयमालाबाई शिलेदारांच्या कारकिर्दीत सापडलं.

आधी थोडं मागे जायला हवं. ‘सौभद्र’ पुण्यातच १८८२ साली रंगभूमीवर आलं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या त्या नाटकातली सुभद्रा गाजवली भाऊराव कोल्हटकरांनी. भाऊराव १९०१ मध्ये गेले, चार-पाच वर्षांत किर्लोस्कर मंडळीत नारायणराव आले आणि १९१३ पासून त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. म्हणजे बायका या भूमिकांत येईपर्यंत सुभद्रा दोन पिढ्या पुरुषांच्या अंगाखांद्यावर वाढली होती. कुलीन घरातली बाई रंगमंचावर येणं अशक्यच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ज्या घरांतल्या बायका गात होत्या, नाचत होत्या, त्यांना रंगमंचावर आणायला शिष्ट समाज तयार नव्हता. त्या घरांतलं गाणं मात्र त्याला हवं होतं. त्या समाजाला पुरुषाने साकारलेली बाई सोयीची होती, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचं कौतुक घरातल्या बायकांसमोर मोकळेपणी करता येत होतं.

नाटकात बाई पहिल्यांदा कधी आली याचं उत्तर देताना आपण सरसकट १९३३ साल सांगतो. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केलं आणि त्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. ती घटना मोठीच होती. पण तिला पहिलेपण बहाल करताना दोन-तीन बायका आपल्या हिशेबातून गळून पडतात. कमलाबाई गोखले त्याच्या कितीतरी आधीपासून चित्ताकर्षक नाटक मंडळीत काम करत होत्या. लहान वयात त्या आणि त्यांची आई दुर्गाबाई कामत फाळक्यांच्या चित्रपटातही दिसल्या, तो काळ १९१३ चा. हिराबाई बडोदेकरांच्या घरातल्या भावंडांनी १९२९ मध्ये नूतन संगीत नाटक मंडळी काढली. तिच्यात हिराबाई, कमलाबाई बडोदेकर, सरस्वतीबाई या बहिणी आणि भाऊ सुरेशबाबू माने एकत्र काम करत. बहीण-भाऊ एकाच रंगमंचावर आणि स्त्रीभूमिका स्त्रियांच्याच. तरी आपल्या बोलण्यात १९३३ च का येतं? कारण तेव्हा आलेल्या बायका शिकलेल्या, मध्यमवर्गीय वर्तुळातल्या होत्या. त्या आल्या आणि मग त्याला सुधारणा हे नाव मिळालं. आधीच्या बायकांनी तेच केलं, तर तो त्यांचा धंदा ठरला. हा भेद अजूनही बोलण्यात डोकावतो आणि मला तो बोचतो.

आणि गोहरबाई. त्यांचं नाव काढलं की पुण्यातल्या जुन्या घरांत अजून आवाज खाली येतो. गोहरबाई कर्नाटकी १९३८ च्या सुमारास बालगंधर्वांच्या कंपनीत आल्या. नारायणरावांचं वय पन्नाशीला टेकलं होतं, कंपनी कर्जाने वाकली होती, बोलपटांनी थिएटरं खाल्ली होती. गोहरबाई त्यांच्या ढंगाने गात. जी भूमिका ते करत आले तिच्यात ही बाई उभी राहू लागली, ती मुसलमान होती आणि पुढे त्यांच्या आयुष्यातही आली. मग नारायणरावांच्या पडत्या काळाचं सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं. माझ्या आजोळी तर गोहरबाईंनी नारायणरावांना ‘नादी लावलं’ हेच वाक्य मी लहानपणी ऐकलं. तिच्या तबकड्या मात्र तिथे कुणी कधी लावल्या नाहीत. बालगंधर्वांच्या रिकाम्या होत चाललेल्या जागी सर्वांत आधी उभ्या राहिलेल्या बाईला मिळालेली ही वागणूक. तिच्या मागून येणाऱ्या प्रत्येक गायिका-नटीला ती ठाऊक असणारच.

१९४२ साल मला या गोष्टीत फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने ‘कुलवधू’ आणलं. त्यातली नायिका भानुमती झाल्या ज्योत्स्नाबाई आणि चाली मास्तर कृष्णरावांच्या. म्हणजे गंधर्व मंडळीत नारायणरावांसाठी चाली बांधणाऱ्या माणसानेच आता एका बाईच्या गळ्यासाठी, तिच्या पट्टीत, म्हणजे तिच्या गळ्याला सोयीच्या मूळ सुरात, तिच्या श्वासाच्या मापाने चाली बांधल्या. पदं आटोपशीर, नाटक आजच्या घरातलं आणि नायिका कमावती. ज्योत्स्नाबाईंना पुसायला जुनी रेघ नव्हती. भानुमती त्यांच्या आधी कुणीच नव्हती. गोव्याहून आलेल्या या बाईंनी पुढे पुण्यात आयुष्याचा उत्तरार्ध काढला, आज हिराबागेतलं सभागृह त्यांच्या नावाने आहे.

त्याच १९४२ मध्ये प्रमिला जाधव नावाची एक मुलगी ‘वेषांतर’ नाटकातून रंगभूमीवर आली. जन्म इंदूरचा, १९२६ चा. वडील नारायणराव जाधव नाटकातलेच. हीच पुढे जयमाला शिलेदार झाली आणि तिच्या वाट्याला जुनी सुभद्रा आली. बालगंधर्वांच्या उतारवयात त्यांच्याबरोबर काम करायची संधीही तिला मिळाली. विचार करून पाहा, ज्या माणसाने ती बाई घडवली तो माणूस अजून गातो आहे, त्याला पाहिलेली माणसं पहिल्या रांगेत बसली आहेत आणि विशीतल्या मुलीने तीच बाई व्हायचं आहे.

इथे मला पट्टीबद्दल सविस्तर लिहायचं आहे. न गाणाऱ्याला ही बाब किरकोळ वाटेल, पण नटीचं अर्धं आयुष्य यात जातं. सगळे पुरुष होते तोवर ‘सौभद्रा’तला कृष्ण, अर्जुन आणि सुभद्रा थोड्याफार फरकाने एकाच सुरात गाऊ शकत. ऑर्गनवाल्याने एक षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, धरला की रात्र निघत असे. बाई आली आणि हा मेळ मोडला. कृष्ण काळी एकच्या, म्हणजे ऑर्गनच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या आसपास गाणार, सुभद्रेचा गळा त्याहून बराच वर, काळी चारला मोकळा होणार. एकाच प्रवेशात दोघांची पदं असली की ऑर्गनवाल्याला दोन घरं सांभाळावी लागतात, तबलजीला वेगळ्या सुराचा तबला जवळ ठेवावा लागतो आणि प्रेक्षकाच्या कानाला मधेच हिसका बसतो. बाईने आपला सूर खाली ओढला तर खालचे स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाहीत. पुरुषाने वर चढवला तर त्याची मान ताठते. शिवाय पद संवादातून उगवतं. आधीच्या वाक्याचा शेवटचा शब्द ज्या उंचीवर टाकला, तिथून सूर उचलायचा असतो. पट्टी बदलली की वाक्य बोलण्याची सगळी चढण बदलते. म्हणजे बाईला ते पद नव्याने गायचं होतंच, शिवाय त्याच्या अलीकडचं अर्धं पान नव्याने बोलायचंही होतं.

हे मला सदाशिव पेठेतल्या क्लासात कळलं, नाट्यसंगीत शिकताना. आमच्या बाई आधी संवाद बोलायला लावायच्या. सूर लागायच्या आधी जीभ लागली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं असे. बालगंधर्वांची तबकडी ऐकून आलेली मुलगी हमखास त्या पट्टीत शिरायला जायची आणि आवाज दाबून बसायची. बाई ऑर्गनवर बोट ठेवून तिला तिच्या सुरात परत आणायच्या. मग त्याच जागा वरच्या घरात वेगळ्या वाटायच्या. बालगंधर्वांचं लाडिक वळण बाईच्या उंच आवाजात तसंच्या तसं घेतलं तर पोरकट होतं. तिथे वळण आवरावं लागतं, शब्दावर थोडं जास्त थांबावं लागतं. शब्द न मोडता लयीशी खेळत समेवर अलगद उतरणं हा त्या गायकीचा प्राण. तो ठेवायचा आणि नखरा आपला करायचा. हे तोंडाने सांगणं सोपं आहे. जयमालाबाईंनी ते रंगमंचावर वर्षानुवर्षं, हजारोंच्या घरात प्रयोग करत केलं, घामाने ओथंबलेल्या नऊवारीत आणि अनोळखी गावांतल्या अनोळखी ऑर्गनांबरोबर.

ज्योत्स्नाबाईंची वाट नवी होती म्हणून ती धाडसाची आणि जयमालाबाईंनी जुनंच चालवलं, असं बरेच जण मानतात. मला ते पटत नाही. नव्या भूमिकेत तुलना नसते. जुन्या भूमिकेत प्रत्येक ओळीला तुलना असते. पुण्याचा प्रेक्षक तर विशेष कडक. पद सुरू व्हायच्या आधी त्याच्या मनात ते गाऊन झालेलं असतं. अशा प्रेक्षकाकडून ‘वन्समोअर’ घ्यायचा, तो पुरुषाच्या सुभद्रेवर जीव टाकून बसलेला असताना घ्यायचा, याला मी धाडसच म्हणेन.

गाणं एकीकडे. अंगाचं काय? माझी आजी लहानपणी ‘एकच प्याला’ नारायणरावांचा पाहून आली होती. त्या नाटकाची सिंधू ही श्रीमंत घरातून आलेली, नवऱ्याच्या दारूने दळण दळायच्या पाळीवर आलेली बाई. भरजरी शालू नेसणारे बालगंधर्व त्यात फाटकं लुगडं नेसून आले आणि लोक हेलावले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आजीही त्या प्रयोगाला रडली होती. पण ती एक गोष्ट नेहमी सांगे. नारायणराव जात्यावर बसले की राणी बसल्यासारखी वाटे, हात खुंट्यावर असा ठेवत की पाहत राहावं. पुढे तिने बाईने केलेली सिंधू पाहिली. ती बाई एका हाताने खुंटा ओढत होती, दुसऱ्याने जात्यात धान्याची वैरण घालत होती आणि गाताना तिचा खांदा दुखतो आहे हे आजीला दिसलं. “त्या दिवशी मला रडूच आलं नाही,” आजी म्हणायची, “मला माझीच पाठ आठवली.” आजीने पहाटे उठून शेरांनी दळलं होतं. तिचं हे वाक्य मला अनेक समीक्षेच्या पुस्तकांपेक्षा जास्त सांगतं. पुरुषाची सिंधू दुःख सुंदर करून दाखवत होती आणि त्या सौंदर्यापुढे माणसं नतमस्तक होत. बाईच्या सिंधूकडे पाहून समोरच्या बाईला स्वतःची पाठ आठवू शकत होती. दोन्ही कलाच. पण दुसरी शक्यता आली ती बाई रंगमंचावर आल्यामुळे.

देवलांच्या ‘शारदे’चंही तसंच. १८९९ चं ते नाटक म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या पोरीचं. कोवळ्या पोराने ती केली तेव्हाही प्रेक्षक कळवळला. पण बोहल्यावर उभी राहायची भीती जिच्या वयाला खरंच चिकटली आहे अशी मुलगी शारदा होऊन गाते, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बापाला खुर्चीत बसवत नाही. पुढे जयमालाबाईंच्या लेक कीर्ती शिलेदार शारदा झाल्या तेव्हा कायदे बदलले होते, काळ बदलला होता. तरी त्या पदांतला काच उतरला नव्हता.

जयमालाबाईंच्या कारकिर्दीतली सर्वांत अवघड गोष्ट मात्र मला गाणं वाटत नाही. १९४९ साली पुण्यात जयराम शिलेदार आणि जयमालाबाईंनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. जयराम शिलेदार तेव्हा ‘लोकशाहीर राम जोशी’ या १९४७ च्या चित्रपटामुळे घराघरांत पोहोचलेले. त्या माणसाला सिनेमात आणखी नाव काढता आलं असतं. दोघांनी काढली संगीत नाटकाची कंपनी, आणि तीही मोठमोठ्या कंपन्या एकामागून एक बंद पडून गेल्यावर. प्रभात १९३३ मध्ये पुण्यात आली तेव्हापासून शहराचं चित्त बोलपटात गुंतलं होतं. जुनी नाटकगृहं सिनेमाची थिएटरं झाली होती. १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. पुण्यात भालबा केळकरांची पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) ही संस्था नवी गद्य नाटकं करू लागली आणि तरुण मुलं तिकडे गेली. संगीत नाटक म्हणजे आजोबांची आवड, असं कॉलेजातली मुलं म्हणू लागली होती. बालगंधर्व रंगमंदिर व्हायला अजून जवळजवळ दोन दशकं होती.

अशा वेळी कंपनी चालवायची म्हणजे काय, याची कल्पना नाटकाच्या घरात वाढलेल्यालाच येते. कंत्राटदार ठरलेली रक्कम देईल याची खात्री नाही, प्रत्येक नटाची नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, मात्र त्याच रात्री हातावर पडली पाहिजे. पडदे, मखमली झालरी, मुकुट, ऑर्गन, पेट्या असं सगळं लटांबर घेऊन गावोगाव जायचं. साथीदारांच्या जेवणाची सोय बघायची, कुणाचा घसा बसला तर त्याची भूमिका कोण करणार ते दुपारी ठरवायचं आणि रात्री तिसऱ्या घंटेला चेहऱ्यावर रंग चढवून विंगेत उभं राहायचं. पुरुष मालक असला तर त्याला कंपनीचा धनी म्हणतात. बाई हे सगळं करून शिवाय मुख्य भूमिका करते आणि लेकरंही वाढवते, तेव्हा कुणाला त्याचं नाव सुचत नाही. शिलेदारांच्या लता आणि कीर्ती या दोन्ही मुली नाटकाच्या बिऱ्हाडातच वाढल्या आणि रंगमंचावर आल्या. कीर्तीताईंची पहिली गुरू आईच. बालगंधर्वांच्या मुलीचं निधन झालं त्या दिवशी त्यांनी ‘मानापमाना’चा प्रयोग केला, ही १९११ ची गोष्ट आपण निष्ठेचं उदाहरण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, सांगावीच. पण तापलेलं पोर मेकअपच्या खोलीत ट्रंकेला टेकवून निजवायचं आणि समोर जाऊन शृंगाराचं पद म्हणायचं, हे त्या काळातल्या किती नट्यांनी किती रात्री केलं असेल, त्याची गोष्ट होत नाही. ते बाईने करायचंच असतं, असं धरून चाललेलं असतं.

साठच्या दशकात संगीत नाटक पुन्हा उसळलं. विद्याधर गोखल्यांची नाटकं आली, ‘मत्स्यगंधा’ आलं आणि १९६७ च्या डिसेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’. ‘कट्यार’वर माझं मनापासून प्रेम आहे. पण एक गोष्ट मला अलीकडे जाणवते. ज्या वर्षी बाई होऊन गाणारा पुरुष गेला, त्याच वर्षी आलेल्या सर्वांत मोठ्या संगीत नाटकाच्या केंद्रस्थानी दोन पुरुष गवयांची घराणी आहेत. गाण्याची झुंज पुरुषांची झाली. नव्या नाटकांनी नायिकांना पदं दिली, गोडही दिली, पण नाटकाचा कणा गाण्याने पेलणारी बाई, सुभद्रेसारखी, रुक्मिणीसारखी, त्यांत विरळाच. ती शोधायची तर जुन्या नाटकांकडेच जावं लागे आणि ती जुनी नाटकं चालती ठेवणाऱ्यांत पुण्याचं शिलेदार घराणं आघाडीवर होतं. पुरुषाने घडवलेल्या त्या भूमिका अखेर बाईच्या गाण्यासाठी सर्वांत मोठी जागा ठरल्या. हे मला फार उशिरा उमजलं आणि तेव्हापासून मी ‘सौभद्र’ वेगळ्या कानाने ऐकते.

जयमालाबाईंना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी ८ ऑगस्टला त्या पुण्यात गेल्या, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षात. नऊ वर्षांनी कीर्तीताईही गेल्या. प्रयोग कुठेच शिल्लक राहत नाहीत. पदांची ध्वनिमुद्रणं आहेत, ती मिळतात. संवाद कसा टाकला, पद संपल्यावर प्रेक्षकांकडे बघितलं की अर्जुनाकडे, हे पाहणाऱ्यांच्या आठवणीत आहे आणि ती माणसं आता थोडी उरली आहेत. आपल्या घरात, इमारतीत कुणी ऐंशी-नव्वदीचे आजी-आजोबा असतील आणि त्यांनी पन्नास-साठच्या दशकातले शिलेदारांचे प्रयोग पाहिले असतील, तर कृपा करून त्यांच्यापाशी बसा आणि विचारा. गाणं कसं होतं हे सगळेच सांगतात. उभ्या कशा राहायच्या, हात कुठे असायचे, ते विचारा.

माझ्याकडे नाट्यसंगीत शिकायला चार-सहा मुली येतात. बहुतेक नोकरी करणाऱ्या, एक अजून शाळेत आहे. आम्हाला आमच्या बाईंनी आधी बालगंधर्व ऐकवले होते, त्यामुळे मीही मुलींना तसंच ऐकवत असे. हल्ली क्रम बदलला आहे. आधी जयमालाबाई, मग कीर्तीताई, मग हिराबाई आणि सर्वांत शेवटी नारायणराव. पूर्वी मुली पहिल्याच दिवशी विचारायच्या, पुरुषाला हे कसं जमलं? आता शाळेतली ती मुलगी हेडफोन काढते आणि विचारते, “या ओळीत यांनी श्वास नेमका कुठे घेतला? मला सापडत नाहीये, परत लावाल?”